एक्स-रे नॉर्मल, मान मात्र वळत नाही

“मानदुखी. डायक्लो इंजेक्शन. तीन दिवस आराम.” ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर एवढे लिहून झाले की रुग्ण घरी जातो, डॉक्टर पुढच्या नंबरला लागतात आणि कामावरच्या अपघाताचा दावा तिथेच अर्धा मरतो. त्या ओळीत डंपर नाही, खड्डा नाही, ठेकेदार नाही, वेळ नाही. सहा महिन्यांनी विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो आणि विचारतो, “यात अपघात कुठे लिहिलाय?”

चंद्रपूर आणि गडचिरोलीत मानेला मार बसण्याचे प्रसंग कमी नाहीत. सास्ती, घुग्घुस, दुर्गापूरच्या खुल्या कोळसा खाणींतले डंपरचालक, गडचांदूरच्या सिमेंट पट्ट्यातले लोडर, सुरजागडचे लोहखनिज घेऊन आलापल्ली-आष्टी रस्त्याने जाणारे ट्रकचालक आणि क्लीनर, लाकूड डेपोत खांद्यावर बल्ल्या वाहणारे मजूर, बांबूच्या कुपात मोळी उचलणारे, मे महिन्यात तेंदूपानांचे गाठोडे डोक्यावर घेऊन फळीपर्यंत (संकलन केंद्रापर्यंत) चालणाऱ्या बाया, यांपैकी कुणाचीही मान एका झटक्यात लचकू शकते. बोट तुटले तर सगळ्यांना दिसते. लचकलेली मान कुणालाच दिसत नाही, म्हणून ती मोजायची कशी आणि सिद्ध करायची कशी, हे कामगाराला, त्याच्या घरच्यांना आणि केसपेपर लिहिणाऱ्या डॉक्टरलाही माहीत असायला हवे.

आधी दाव्याचा विचार बाजूला ठेवून जिवाचा विचार करा. मार लागल्यावर हातापायांत मुंग्या किंवा बधिरपणा आला, पकड सुटू लागली, चालताना तोल जाऊ लागला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर तो साधा लचका समजू नका. उंचावरून पडलेला, डोक्यावर ओझे आदळलेला किंवा पासष्टी ओलांडलेला माणूस असेल तरीही आधी हाड मोडले नाही ना, हे बघावे लागते. अशा माणसाला दुचाकीवर मधे बसवून नेऊ नये. मान हलू न देता आडवे ठेवून १०८ बोलवावी. गावातल्या जाणत्याकडून मान ‘बसवून’ घेणे तर नकोच. मोडलेल्या मणक्यावर तसा झटका बसला तर हातपाय कायमचे जाऊ शकतात.

हा धोका नाही हे कळले की मग लचक्याची गोष्ट. मानेचे स्नायू आणि मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध अचानक ताणले जातात. त्या क्षणी अंगात गरमी असते, माणूस पाळी पूर्ण करतो. दुखणे आणि आखडलेपण पुष्कळदा त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चढते. “काल तर तू काम करून गेलास” हा मुकादमाचा नेहमीचा आक्षेप म्हणूनच वैद्यकाच्या कसोटीवर टिकत नाही. पण दुखणे उशिरा सुरू झाले, हे पहिल्या कागदावर लिहिलेले असले पाहिजे. नंतर सांगितले की ते रचलेले वाटते.

एक्स-रे हाड दाखवतो, ताणलेला स्नायू दाखवत नाही. “हाडाला काही नाही” याचा अर्थ हाडाला काही नाही, एवढाच. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. महागडा एमआरआय काढून “गादी सरकली” असा रिपोर्ट हातात आला की दावा पक्का झाला, असे कामगाराला वाटते. चाळिशीनंतर ज्यांची मान कधीच दुखली नाही अशांच्याही एमआरआयमध्ये झीज आणि फुगलेल्या गाद्या दिसतात. चित्रातला दोष आणि तपासणीतली खूण एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तरच त्या रिपोर्टला वजन येते.

१९९५ मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांताच्या तज्ज्ञगटाने मानेच्या झटक्याच्या दुखापतींची जी प्रतवारी केली, ती अजूनही सोयीची आहे. पहिल्या प्रतीत फक्त दुखणे आणि आखडणे असते, तपासणीत खूण सापडत नाही. दुसरीत मान कमी वळते, ठरावीक जागी दाबल्यावर दुखते. तिसरीत नसेची खूण मिळते, म्हणजे हाताची ताकद कमी होणे, प्रतिक्षिप्त क्रिया (रिफ्लेक्स) मंदावणे किंवा स्पर्श कमी जाणवणे. चौथीत हाड मोडलेले किंवा निसटलेले असते. आपल्याकडचे बहुतेक दावे दुसऱ्या प्रतीचे असतात आणि भांडणही तिथेच असते. पहिल्या दोन प्रतींतली बहुतेक माणसे काही आठवड्यांपासून तीन महिन्यांत सुधारतात. काहींचे दुखणे मात्र रेंगाळते, आणि ते रेंगाळणारच नाही असे कोणताही डॉक्टर पहिल्या दिवशी सांगू शकत नाही.

केसपेपरवर काय असावे

हे विशेषतः ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणाऱ्या तरुण डॉक्टरांसाठी. तुमच्या दारात रांग असते, हे खरे. तरी पाच ओळी जास्त लिहायला दोन मिनिटे लागतात. त्या अशा असाव्यात: “रुग्णाच्या सांगण्यानुसार काल दुपारी तीनच्या सुमारास खाणीच्या हॉल रोडवर भरलेला डंपर चालवताना चाक खड्ड्यात आदळून मानेला झटका. पाळी पूर्ण केली. रात्रीपासून दुखणे, सकाळी मान वळेना. पूर्वी मानेचा त्रास नाही. उजवीकडे मान साधारण ४० अंश वळते, डावीकडे ७०. उजव्या बाजूला दाबल्यावर दुखते. दोन्ही हातांची ताकद आणि स्पर्श ठीक. डंपर चालवण्यास १० दिवस अयोग्य, नंतर फेरतपासणी.” धडधाकट मान एका बाजूला साधारण ८० अंश वळते. त्यामुळे असा कागद वाचणाऱ्या न्यायाधीशाला किती कमी झाले, हे विचारावेच लागत नाही.

यातला “पूर्वी त्रास नाही” हा भाग प्रामाणिकपणे विचारून लिहा. पूर्वी त्रास असेल तर तोही लिहा. जुनी झीज असली म्हणजे दावा बाद, असे कायदा म्हणत नाही. कामावरच्या झटक्याने जुने दुखणे उफाळले किंवा वाढले, हे दाखवता आले तर भरपाई मिळते. लपवलेले जुने दुखणे मात्र उलटतपासणीत बाहेर आले की बाकीचे खरेही खोटे ठरते.

कामगार ढोंग करतो का, हा प्रश्न विमा कंपनी विचारणारच. त्याचे उत्तर तपासणीत शोधावे, चेहऱ्यावर नव्हे. विचारल्यावर मान २० अंशच वळवणारा माणूस दारातून हाक आल्यावर सहज मागे वळून बघतो का? शर्ट काढताना मान कशी ठेवतो? पंधरा दिवसांनी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी केलेली मोजमापे एकमेकांशी जुळतात का? जुळत असतील तर तसे स्पष्ट लिहा, नसतील तर तेही लिहा. माझे मत विचाराल तर आपल्या भागात ढोंग करणाऱ्यांपेक्षा मजुरी बुडेल म्हणून दुखणे दाबणारेच जास्त भेटतात.

भाषेचाही घोळ होतो. भामरागड, एटापल्लीकडचा मजूर माडिया किंवा गोंडीत सांगतो, सोबतचा माणूस ते मोडक्या मराठीत सांगतो आणि डॉक्टर इंग्रजीत लिहितो. या तीन टप्प्यांत “ओझे उचलताना मानेत कडकन झाले” याचे “जुनाट मानदुखी” होऊन बसते. कुणी सांगितले, कुणी समजावून दिले, हे कागदावर असावे. सोबतचा माणूस ठेकेदाराचाच मुकादम असेल तर दुसरा कुणी, आशाताई वा गावचा शिकलेला पोरगा, मधे घ्या.

उशिराचे कारणही लिहून घ्या. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तिथून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून लांब आहे. अपघातानंतर आठ दिवसांनी दवाखान्यात आलेल्या माणसाला नागपूरचा वकील “इतके दिवस काय केले?” असे विचारेल. पूर, बंद रस्ता, हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात घेतलेले पहिले औषध, हे सगळे नोंदलेले असेल तर तो प्रश्न तिथेच संपतो.

दारूचा उल्लेखही जपून. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण मोहाची दारू कुठे मिळते हे सगळ्यांना ठाऊक असते. दारूच्या अमलामुळेच थेट अपघात झाला, हे सिद्ध झाले तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर दुखापतींत मालक सुटू शकतो. म्हणजे लचकलेल्या मानेच्या दाव्यात तो सुटतो. “दारूचा वास” एवढेच लिहून सोडून देणे दोन्ही बाजूंवर अन्याय आहे. शुद्ध होती का, बोलणे सुसंगत होते का, चालणे सरळ होते का, हे तपासून लिहावे.

गळ्यातल्या पट्ट्याविषयी दोन शब्द. कॉलर जितके दिवस घालू तितका दावा भक्कम, असा एक समज पसरलेला आहे. हाड शाबूत असताना महिनोन्‌महिने कॉलर घातली तर स्नायू दुबळे होतात आणि मान आणखी आखडते. आजचे वैद्यक लवकर हालचाल आणि व्यायाम सांगते. शिवाय सुचवलेले व्यायाम न केल्याची नोंद दाव्याला मारकच ठरते.

टक्का कशाचा?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा, बोटे, हात, पाय, डोळा यांचे टक्के ठरवून दिले आहेत. मानेचा लचका त्या यादीत नाही. अशा दुखापतीत पात्र डॉक्टरने कमाईची क्षमता कायमची किती टक्के घटली, हे सांगायचे असते. सगळा गोंधळ या वाक्याभोवती होतो. मान किती अंश वळते हा शरीराचा तोटा झाला, आणि त्यामुळे या माणसाचे कोणते काम गेले हा कमाईचा. कायदा दुसऱ्या तोट्याचे पैसे देतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या प्रताप नारायण सिंग देव खटल्यात डावा हात गमावलेल्या सुताराची कमाईची क्षमता पूर्ण गेली, असे मानले. एका हाताने सुतारकाम होत नाही, हे त्यामागचे साधे कारण. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात, तो मोटार अपघाताचा असला तरी, डॉक्टरचा टक्का आणि कमाईचा टक्का वेगळा कसा काढायचा हे सविस्तर सांगितले आहे. मानेलाही तेच लागू करा. उजवीकडे ४० अंशच वळणारी मान दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याला फारशी अडवणार नाही. डंपर मागे घेताना आरशात आणि खांद्यावरून बघावे लागणाऱ्या चालकाची तीच मान त्याची नोकरी घालवते. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या बाईला मान वळवण्यापेक्षा मान स्थिर ठेवून वजन पेलणे महत्त्वाचे. तिचे अंश ठीक भरतील, पण पंधरा किलोंचे गाठोडे दहा मिनिटेही पेलणार नाही. क्रेनवाल्याला वर बघता येते का, हे पाहा. म्हणून डॉक्टरकडे जाताना आपले काम नुसते “मजुरी” असे सांगू नका. दिवसभरात काय उचलता, कुठे बघता, किती वेळ, हे सांगा आणि ते लिहून घ्यायला लावा.

दिव्यांग प्रमाणपत्राचा गैरसमज इथेच दूर करतो. सरकारी सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. नुकसानभरपाईला ती नाही. पाच टक्के घट सिद्ध झाली तरी पैसे मिळतात. आणि कायमचा टक्का घाईने काढू नका. उपचार संपून सुधारणा थांबल्यावर काढलेला आकडाच टिकतो. प्रमाणपत्र देणारा डॉक्टर साक्षीला यायला तयार आहे का, हेही आधीच विचारा. साक्षीला न येणाऱ्या मोठ्या डॉक्टरच्या कागदापेक्षा येऊन ठामपणे उत्तर देणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरचा कागद मोलाचा.

पैशांचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने बघू. वय ३५, महिन्याचा पगार १४,००० रुपये, कमाईच्या क्षमतेत १५ टक्के घट. पगाराचे ६० टक्के म्हणजे ८,४००. कायद्याच्या तक्त्यातला पस्तिशीचा गुणक १९७.०६. गुणाकार १६,५५,३०४ रुपये. त्याचे १५ टक्के म्हणजे सुमारे २,४८,२९६ रुपये. इथे एक टक्का साडेसोळा हजारांचा पडतो, त्यामुळे डॉक्टरच्या लेखणीतल्या दोन-चार टक्क्यांवर विमा कंपनी का भांडते, हे कळेल. पगार कितीही असला तरी ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी १५,००० पर्यंतच धरला जातो.

कायमची घट राहिली नाही, तरी मधल्या काळाचे पैसे आहेत. काम बंद असेपर्यंत दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के रक्कम, जास्तीत जास्त पाच वर्षे. आपल्या उदाहरणात पंधरवड्याला ३,५०० रुपये. काम २८ दिवस किंवा जास्त बंद राहिले तर पहिल्या दिवसापासून, कमी असेल तर पहिले तीन दिवस सोडून. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय मिळतो, म्हणून औषधाच्या प्रत्येक पावतीवर नाव आणि तारीख घ्या. भरपाई एका महिन्यात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. व्याज विमा कंपनीकडून वसूल होऊ शकते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि भरपाईचा भाग तिच्यात आला आहे. ६० आणि २५ टक्क्यांची चौकट तीच आहे. कामावर येता-जाता झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, तिच्यात धरला जातो. पाळी सुटल्यावर घरी जाताना दुचाकीवर मागून धडक बसून मानेला झटका बसलेल्यांसाठी हा बदल मोठा आहे. तुमचा अपघात कोणत्या तारखेचा, त्यावर कोणता कायदा ते ठरेल.

कुणाकडे मागायचे

ठेकेदार म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते तू आमचा नाहीस. कामगार ठेकेदाराचा असला तरी काम मूळ मालकाच्या धंद्याचे आणि त्याच्या जागेतले असेल, तर मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणीत मातीचा थर हटवणाऱ्या खासगी कंपनीचा चालक असो वा सिमेंट कारखान्यातला ठेक्याचा लोडर, अर्जात दोघांनाही पक्षकार करा. वाहन असेल तर त्याच्या विमा कंपनीलाही. ईएसआयचे कार्ड असेल तर मार्ग वेगळा: भरपाई ईएसआयकडूनच मागायची, मालकाकडून वेगळी नाही. रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा हा कायदा, दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. न्यायाधिकरणाची मुदत सहा महिन्यांची, नुकसानभरपाई कायद्याची दोन वर्षांची. वकिलाशी बोलल्याशिवाय हा फाटा निवडू नका.

अपघाताची सूचना लेखी द्या. मुकादमाला पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेजही उपयोगी पडतो, तो पुसू नका. सूचना राहिलीच असेल, पण मालकाला अपघात माहीत होता हे दाखवता आले, तर दावा बुडत नाही. हजेरीपटाचा फोटो, गेटपास, बँकेच्या पासबुकातला पगार आणि सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे लगेच जमवा. ठेका संपला की माणसे पांगतात. मालकाने त्याच्या खर्चाने डॉक्टरकडे तपासायला पाठवले तर जा. नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबतो. तपासणीच्या कागदाची प्रत मागून घ्या.

दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या गडचिरोलीच्या मजुरांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. तिकडे गाडीत किंवा शेतात मार लागला तरी अर्ज आपण राहतो त्या भागातल्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे करता येतो. खम्मम किंवा वारंगळच्या फेऱ्या मारण्याची गरज नाही.

वर्षानुवर्षे ओझी वाहून हळूहळू झिजलेल्या मानेला मात्र या कायद्यात जागा सापडणे कठीण. अमुक दिवशी अमुक झटका, असे काही दाखवता आले नाही तर तो अपघात ठरत नाही, आणि व्यवसायजन्य आजारांच्या यादीत मानेची झीज नाही. ही कायद्याची उणीव आहे असे मला वाटते, पण ती असताना खोटा झटका रचणे हा उपाय नव्हे.

दहा-वीस हजार हातावर ठेवून कोऱ्या किंवा स्टॅम्प पेपरवर “माझी काही तक्रार नाही” अशी सही घेण्याची रीत सर्रास आहे. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा असा करार टिकत नाही. तडजोड करायचीच तर ती आयुक्तांकडे नोंदवून करा. कामगार बाई असेल तर एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई दिली असे धरले जात नाहीत.

वकिलाची फी हा शेवटचा अडसर. अनुसूचित जाती-जमातींचे लोक, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडच्या जिल्हा न्यायालयात हे कार्यालय आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. तुमच्या तालुक्याचा दावा कोणत्या न्यायालयात चालेल, हेही तिथेच कळेल. जाताना पहिला केसपेपर मूळ घेऊन जा आणि घरी त्याची झेरॉक्स ठेवा.